फुगा कोणाच्या हातात

चित्रकाराला समोर बसवून त्याचा फोटो काढणं म्हणजे न्हाव्याने न्हाव्याची दाढी करणं. समोरच्याचं सगळं लक्ष वस्तरा कसा धरलाय याकडे. ‘खिडकी डावीकडे का घेतलीस?’, ‘हनुवटीखाली फार काळं जातंय.’ दोघातिघांकडून हे ऐकलं आणि शटरच त्यांच्या हवाली केलं.

जुना सहा बाय सहाचा कॅमेरा स्टँडवर, त्याला वीस फुटी रबरी नळी, टोकाला लिंबाएवढा फुगा. तो दाबला की हवेच्या जोराने शटर पडतं. एका रोलात 12 फोटो आणि प्रत्येकाला एकच रोल. मी कॅमेऱ्यामागे, हाताची घडी घालून.

यात मी काही नवं केलं असं नाही. बडोद्यात ज्योती भट्ट आपल्या चित्रकार मित्रांचे फोटो वर्षानुवर्षं काढत होते. त्याच गावातले भूपेन खख्खर, पेशाने हिशेबनीस, 1972 च्या आपल्या कॅटलॉगसाठी चक्क जेम्स बाँड होऊन उभे राहिले होते. कसं दिसायचं हे तिथे बसणाराच ठरवत होता.

माझा शिल्पकार मित्र आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत शाडूने भरलेले. धुवायचा त्याला कंटाळा. त्याने फुगा जमिनीवर ठेवला आणि टाचेने दाबला. दाबताना उजवा खांदा खाली गेला, ओठ आवळले गेले. माती थापताना त्याचा चेहरा अस्साच होतो. वीस वर्षांच्या ओळखीत तो चेहरा माझ्या एकाही फोटोत आला नव्हता.

प्रिंटमेकिंग करणाऱ्या मैत्रिणीने मात्र बाराही फोटो दोन मिनिटांत उडवले, शेवटचा तर पाठ करून. काँटॅक्ट शीट आली तेव्हा मी एकावर बोट ठेवलं: गालावर खिडकीचा उजेड, मान किंचित कललेली. तिने ॲसिडने काळं पडलेलं नख दुसऱ्यावर टेकवलं. त्यात तिचे डोळे अर्धवट मिटलेले. चहा निवेपर्यंत वाद झाला.

‘तो तुझा फोटो आहे,’ ती म्हणाली. ‘माझा हा.’

खरंच होतं. भिंत मी निवडलेली, अंतर मी मोजलेलं, उजेड माझा. एवढं सगळं आपल्याकडे ठेवून फुगा तेवढा दुसऱ्याच्या हाती द्यायचा आणि त्याला सहभाग म्हणायचं, यात जरा लबाडीच आहे. माझा आवडता फोटो बाजूला ठेवायची पाळी आली तेव्हा कुठे माझं काही गेलं. त्या दिवसापासून निवड बसणाऱ्याची.

या फोटोंच्या पहिल्या प्रदर्शनात गॅलरीने पाटीवर माझ्या एकट्याचं नाव छापलं. उद्घाटनाला मित्रमंडळी आली, पाटी वाचली, वडे खाल्ले, कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. ते अजून टोचतं.

यंदाच्या पाट्या मी स्वतः लिहून घेतल्या आहेत. प्रत्येकीवर दोन नावं, आधी फुगा दाबणाऱ्याचं. विक्रीचे पैसे निम्मे-निम्मे.