काय द्यायचं ते द्या

जयसिंगपुरात घरी चटणी, पापड, शेवया करून विकणाऱ्या बाईला दर विचारला की बऱ्याचदा उत्तर येतं, "असू दे हो, काय द्यायचं ते द्या." विचारणारी शेजारची असते, नणंदेच्या ओळखीची असते, नाहीतर पोराच्या वर्गशिक्षिका असतात. एवढ्या ओळखीत आकडा तोंडातून निघत नाही. मी कांदा-लसूण चटणी करून विकते आणि बचत गटांतल्या बायकांना विक्रीचे चार शब्द सांगायला जाते. मार्केटिंग म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढं रंगीत लेबल, ब्रँडचं नाव, इन्स्टाग्राम येतं. ते सगळं नंतर. आधी मी त्यांना समोरासमोर बसवते. एकीनं गिऱ्हाईक व्हायचं, दुसरीनं दर सांगायचा आणि गप्प बसायचं. दर सांगणं एक वेळ जमतं, गप्प बसणं जमत नाही. "सहाशे रुपये किलो" म्हणून झालं की श्वासही न घेता पुढचं येतं, "पण तुमच्यासाठी बघू की काहीतरी." गिऱ्हाइकानं अजून घासाघीस केलेलीच नसते.

याला भिडस्तपणा म्हणून सोडून देता येत नाही. दर ठामपणे सांगता येत नाही, कारण तो कधी मांडलेलाच नसतो. चटणीचा हिशेब करायला सांगितला की बायका मिरची लिहितात. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटाला लवंगी. मग खोबरं, तीळ, धने, जिरे, लवंग, दालचिनी, दगडफूल, मसाला वेलची, हळकुंड, खडा हिंग. कांदा, लसूण, तेल, मीठ. डंकावर कांडून आणायचे पैसे. इथं पेन थांबतं. किलोभर मिरचीचे देठ काढले, दोन-तीन उन्हं दिली की ती किलोभर राहत नाही, ही घट लिहिलेली नसते. कांदा तळायला गॅस किती गेला, ते नसतं. पिशवी, लेबल, रिक्षा नसते. आणि स्वतःचे दिवस तर नसतातच. देठ मोडून झाल्यावर हाताची जी आग होते ती साबणानं जात नाही, तेलानं जात नाही. रात्री तान्ह्या पोराला हात लावायची भीती वाटते. ते काम हिशेबाच्या कागदावर शून्य रुपयांचं असतं. हीच बाई शिरटीला नाहीतर उदगावला उसाच्या भांगलणीला गेली, तर संध्याकाळी हजेरी मागून घेते. तिथं ती मुकादमाला "काय द्यायचं ते द्या" म्हणत नाही. घरच्या अंगणात केलेल्या कामाची हजेरी मात्र ती मागत नाही, कारण ती कुणाकडं मागायची हेच ठरलेलं नसतं. ती पिशवीवरच्या किमतीकडं मागायची असते.

आमच्या गावात तर हे समजायला लांब जायला नको. दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर इथल्या विक्रमसिंह मैदानावर स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद भरते. गावोगावचे शेतकरी येतात आणि टनाला पहिली उचल किती पाहिजे ते भर मैदानात सांगितलं जातं. मागण्याआधी खत, पाणी, मशागत, तोडणी असा खर्च मांडला जातो, मग आकडा येतो, आणि तो मागायला कुणालाही संकोच वाटत नाही. त्या मैदानापासून चार गल्ल्यांवर त्याच शेतकऱ्याची बायको चटणीची पिशवी हातात देऊन खाली बघते. मला या दोन गोष्टी एकाच गावात बघवत नाहीत. शिवाय हे गाव वसलंच बाजारपेठ म्हणून. रेल्वे आधी आली, शिरोळ रोड नावाचं स्टेशन होतं. त्याच्याजवळ राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास ही पेठ वसवली आणि तिला आपल्या वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव दिलं. सरळ आखलेले रस्ते, गल्ल्यांना नंबर. अशा गावात मालाचा दर सांगणं हा संकोचाचा विषय व्हावा, हे मला पटत नाही.

लिज्जतची गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. १५ मार्च १९५९ ला गिरगावात लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात जणी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या, हे बहुतेकींनी ऐकलेलं असतं. आपल्या जिल्ह्यात वारणानगरलाही लिज्जतचं काम उभं राहिलं, हेही काहीजणींना ठाऊक असतं. मला त्यातल्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत होत्या, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांना पैसे देणाऱ्या छगनबाप्पांनी सांगितलं की एकच प्रत करा, आणि ती उतरू देऊ नका. दुसरी गोष्ट लाटणावळीची. लाटणारीचे पैसे हा तिथं खर्चातला पहिला आकडा आहे. सगळं विकून काही उरलं तर तुला, असा तो कारभार नाही. आपल्याकडं नेमकं उलटं होतं. शेवटी उरलं तर बाईचं, आणि शेवटी काही उरत नाही.

उधारीचंही असंच. मुंबईत गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायकांना कामगार पगार झाल्यावर पैसे द्यायचे, तोवर त्या वाण्याकडून उधारीवर किराणा उचलायच्या आणि व्याजात बुडायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा तो फास सुटायला लागला. आमच्याकडं पगाराच्या जागी ऊसबिल आहे. "बिल आलं की देतो वैनी." बिल येतं, आधी सोसायटी कापून घेते, मग खताचं दुकान, मग पोराची फी. चटणीचे पैसे शेवटच्या रांगेत. म्हणून मी सांगते की उधारी द्यायचीच असेल तर दोन जुन्या घरांना द्या, तीही तारीख लिहून. तिसऱ्याला पाव किलो घ्यायला सांगा. रोख घेतलेली पाव किलो चटणी उधार नेलेल्या दोन किलोंपेक्षा धंदा जास्त चालवते.

इथं कुणीतरी विचारतंच, की ताई, एखादी खरंच गरीब असेल तर? शेजारीण विधवा असेल, पुरात घर गेलेलं असेल? २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यानं जे पाणी बघितलं, त्यानंतर हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. माझं उत्तर आहे की फुकट द्या. भरलेली पिशवी, तीच प्रत, एक पैसा न घेता. पण दर कमी करून देऊ नका. फुकट दिलेलं तुमचं देणं असतं आणि ते तुम्ही ठरवता. कमी केलेला दर गल्लीभर होतो.

आता गिऱ्हाईक कुठून आणायचं? या भागात ज्या घरात उन्हाळ्यात वर्षाची चटणी होते, ते घर तुमची पिशवी घेणार नाही. त्या घराला मार्च ते मेमध्ये करून द्या. मिरची त्यांची, मजुरी तुमची. पिशवी घेणारी माणसं वेगळी आहेत. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं, नवरा-बायको दोघंही शाळेत जाणारी घरं, फ्लॅटमुळं उन्हाला गच्ची नसलेली. त्यांच्यासाठी एक वही ठेवावी. कुणी, कधी, किती नेली आणि तिखट कसं लागतं. चौघांच्या घराला अर्धा किलो किती दिवस पुरते हे दोन-तीन वेळा लिहिलं की कळतं. ती संपायच्या आठवडाभर आधी फोन करायचा. नव्या दहा जणींच्या मागं धावण्यापेक्षा हा फोन मोलाचा आहे. आणि वहीच्या पानांचे फोटो काढून ठेवायचे. पुराच्या पाण्यात चटणीबरोबर वहीही जाते.

व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर बायका फोटो छान टाकतात आणि खाली लिहितात, किमतीसाठी मेसेज करा. कोण करतंय? किंमत विचारून घेतलं नाही तर वाईट दिसेल, म्हणून बघणारी तशीच पुढं जाते. संकोच दोन्हीकडं असतो. फोटोवरच लिहावं: अर्धा किलो, इतके रुपये, अमुक तारखेला तयार. लेबलवर 'कोल्हापुरी' लिहिण्याची हौस सगळ्यांना असते; मुंबईच्या दुकानात मात्र प्रत्येक तिखट पिशवीवर तो शब्द आहे. 'जयसिंगपूर' लिहा, मोठ्या अक्षरात, गल्ली नंबरसकट. नरसोबाच्या वाडीहून माणूस कवठाची बर्फी घेऊन जातो ती वाडीची म्हणूनच. पुण्यात आपल्या तालुक्याचं माणूस पिशवीवरचं गावाचं नाव वाचून थांबतं. अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर, वजन, तारीख हे तर नियमानं हवंच.

दुकानात माल ठेवताना दुकानदार आपला नफा धरणार, तो हक्काचा आहे. मग घरी येणाऱ्याला कमी दरात द्यायचा मोह होतो. देऊ नये. दुकानात आणि दारात एकच दर. नाहीतर दुकानदार दुसऱ्यांदा माल घेत नाही, आणि त्याचं बरोबर असतं.

शेवटचं स्कॅनरचं. पुष्कळ ठिकाणी चटणी बाईची आणि भिंतीवरचा क्यूआर कोड नवऱ्याचा. घर एकच आहे, पैसे कुठंही गेले तरी काय, असं म्हणतात. फरक कर्ज मागताना कळतो. २०२० साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्राच्या योजनेत प्रकल्पाच्या खर्चावर ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. पण त्याला बँकेचं कर्ज जोडलेलं असतं आणि बँक खात्यावरची उलाढाल बघते. वर्षभराची विक्री दुसऱ्याच्या खात्यात जमा झाली असेल तर तिच्या धंद्याचा पुरावा म्हणून दाखवायला काही हातात राहत नाही. स्वतःच्या नावाचा स्कॅनर घ्यायचा तर आधार, पॅन, पासबुक आणि खात्याला जोडलेला मोबाईल लागतो. बहुतेकींच्या खात्याला घरातल्या पुरुषाचाच नंबर जोडलेला असतो, म्हणून सुरुवात तिथून. बँकेत नंबर बदलायचा अर्ज भरायचा, आणि तो नंबर आपल्याच हातातल्या फोनचा द्यायचा.