भरवायला किती मिनिटे मिळतात?

काही वर्षांपूर्वी दिव्यांगांच्या एका सरकारी वसतिगृहातून विशीतला एक तरुण चार महिन्यांत तिसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन माझ्याकडे आला. त्याला सेरेब्रल पाल्सी. आधी दोन्ही वेळा मी अँटिबायोटिक देऊन त्याला बरा करून परत पाठवले होते. या वेळी सोबतच्या मावशींना विचारले, "याला भरवता कसे?" त्या म्हणाल्या, "झोपवूनच, डॉक्टर. एकटीकडे अठरा जण आहेत." हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता.

आपण घास गिळतो तेव्हा श्वासनलिकेचे तोंड क्षणभर बंद होते. सेरेब्रल पाल्सीत हा ताळमेळ बिघडलेला असू शकतो. अशा माणसाला आडवे ठेवून घाईने भरवले की अन्न फुप्फुसात उतरते, आणि कित्येकदा ठसकाही लागत नाही. याला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया म्हणतात. बसवून, मान किंचित पुढे घेऊन, लहान घास द्यायचा. तो गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास बसलेलेच ठेवायचे. यात औषध काहीच नाही, माणूस आणि वेळ लागतो.

हीच गोष्ट न्यूयॉर्क राज्य सरकारच्या विलोब्रुक या संस्थेत फार मोठ्या प्रमाणावर घडली होती. चार हजारांच्या जागेत एके काळी सहा हजारांवर बौद्धिक दिव्यांग राहत. १९७२ मध्ये तिथल्या मायकेल विल्किन्स या डॉक्टरने टीव्ही पत्रकार जेराल्डो रिव्हेराला आत नेले. एका मुलाला भरवायला सरासरी तीन मिनिटे मिळतात आणि त्यातून न्यूमोनियाने मृत्यू होतात, असे त्याने कॅमेऱ्यासमोर सांगितले. (पालकांना एकत्र केल्याबद्दल त्याची नोकरी आधीच गेली होती.) पालक न्यायालयात गेले. १९७५ च्या समझोत्यात किती जणांमागे किती कर्मचारी हवेत, हेही ठरले आणि देखरेखीला स्वतंत्र मंडळ आले. १९८७ मध्ये संस्था बंद झाली.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने संस्थांना नोंदणी सक्तीची केली. नियम मोडले तर नोंदणी रद्द होते. पण कलम ५४ पाहा: सरकारने चालवलेल्या संस्थांना ते प्रकरण लागूच नाही! मला हे पटत नाही. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार मात्र करता येते.

तुमचे कोणी अशा ठिकाणी असेल तर भेटायला जेवणाच्या वेळी जा. भिंतीचा रंग राहू द्या, भरवणारे हात मोजा. वजन दर महिन्याला लिहिले जाते का, ते विचारा. वारंवार ताप, जेवताना घरघर, घटणारे वजन दिसले तर डॉक्टरांना भरवण्याबद्दल आवर्जून सांगा.

त्या तरुणासाठी मी जेवणाच्या वेळी आणखी दोन माणसे द्या, असे कार्यालयाला लिहिले. उत्तर आले, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.' तोवर तो चौथ्यांदा दाखल झाला होता.