स्टर्लिंगच्या तळ्याकाठी

एडिनबरोच्या वेव्हर्ली स्थानकावरून निघालेली गाडी तासाभराच्या आतच स्टर्लिंगला पोहोचते. शहर लहान, पण स्कॉटलंडच्या इतिहासात त्याचे वजन मोठे. ज्वालामुखीच्या काळ्या कड्यावर उभा असलेला किल्ला दुरूनच नजरेत भरतो आणि खालच्या सपाटीतून फोर्थ नदी वळणे घेत जाते. याच नदीच्या पुलापाशी १२९७ मध्ये विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांच्या सैन्याने इंग्रजांचा पराभव केला. त्या वॉलेसचे मनोऱ्यासारखे स्मारक जवळच्या टेकडीवर १८६९ मध्ये पूर्ण झाले. त्याच्या २४६ पायऱ्या चढून गेलेला प्रवासी वरून जे हिरवे आवार आणि मधोमध चकाकणारे तळे पाहतो, ते स्टर्लिंग विद्यापीठाचे.

१९६७ मध्ये राजसनद मिळालेले हे विद्यापीठ एअरथ्री नावाच्या जुन्या जहागिरीत वसले आहे. तळ्यात राजहंस, काठाने पायवाट, मागे ओकिल डोंगरांची रांग. पर्यटक बहुधा किल्ला पाहून परततात. परंतु या आवारात एक साधी, बैठी भासणारी इमारत आहे, तिच्याकडे वाट वाकडी करून जावे. तिचे नाव आयरिस मर्डॉक भवन.

आयरिस मर्डॉक या इंग्रजीतील थोर कादंबरीकार. जन्म १९१९ चा, डब्लिनचा. १९७८ मध्ये त्यांना बुकर पारितोषिक मिळाले. १९९५ मध्ये त्यांची अखेरची कादंबरी निघाली आणि त्यानंतर त्यांना अल्झायमर असल्याचे निष्पन्न झाले. १९९९ मध्ये त्या निवर्तल्या. पुढे लंडनच्या संशोधकांनी त्यांची पहिली, मधली आणि अखेरची अशा तीन कादंबऱ्यांतील शब्द मोजून पाहिले, तेव्हा अखेरच्या पुस्तकात शब्दसंपदा आटलेली आढळली. निदान होण्यापूर्वीच शब्द एकेक करून घर सोडून चालले होते. (सही बदलू लागली की ते घरच्यांच्या आधी बँकेच्या काउंटरवर कळते, तसाच हा प्रकार.)

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या सेवेचा अभ्यास करणारे केंद्र या विद्यापीठात १९८९ पासून आहे. मेरी मार्शल या त्याच्या पहिल्या संचालिका. आजार बरा करता येत नसला तरी घर, रुग्णालय, वाट आणि दार ही तर माणसाने बांधलेली आहेत, ती बदलता येतात, हा या केंद्राचा आग्रह. चकचकीत फरशी अशा माणसाला ओली वाटते आणि तो पाऊल टाकायला कचरतो. दारातले गडद पायपुसणे त्याला खड्डा भासते. पांढऱ्या भिंतीपुढची पांढरी बैठक त्याला दिसतच नाही, म्हणून ती वेगळ्या रंगाची हवी. पाटीवर शब्द आणि चित्र दोन्ही हवे आणि पाटी नजरेच्या टप्प्यात, थोडी खाली हवी. वृद्ध डोळ्यांना तरुणांपेक्षा पुष्कळ अधिक उजेड लागतो. आपल्याकडे नवे घर घेताना आरशासारखी चकाकणारी फरशी हौसेने बसवतात, तिच्यावरून घरातल्या आजोबांना चालायचे आहे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. २००२ मध्ये उघडलेली ही इमारत याच विचाराने उभारली आहे.

येथील पदव्युत्तर अभ्यासक्रम दूरशिक्षणाने चालत आला. विद्यार्थी म्हणजे नोकरी करणाऱ्या परिचारिका, समाजसेवक, वृद्धाश्रमांचे व्यवस्थापक. रात्रपाळी संपवून निबंध लिहिणारी ही मंडळी. त्यामुळे एकाच तुकडीतली माणसे वर्षानुवर्षे एकमेकांना केवळ नावाने आणि लेखनाने ओळखतात. अशाच एका जुन्या तुकडीतले दहाबारा जण जूनमधल्या एका शनिवारी येथे एकत्र आले. कोणी शेटलंड बेटांवरून बोटीने, कोणी डब्लिनहून, कोणी पर्थहून. फाइफ परगण्यातून एक बाई आल्या, पतीसोबत. एकेकाळी त्या रुग्णालयात वॉर्डप्रमुख होत्या आणि तुकडीतल्या सर्वांत कडक टीकाकार म्हणून त्यांची ख्याती होती. दोन वर्षांपूर्वी त्यांनाच या आजाराचे निदान झाले आहे. हे सर्वांना पत्राने कळले होते. आता काय बोलावे, हे मात्र या विषयात पदवी घेतलेल्या कोणालाच कळत नव्हते.

संयोजकांनी एक गोष्ट आधी ठरवली होती. प्रत्येकाच्या छातीवर मोठ्या अक्षरांत नावाची चिठ्ठी, अपवाद कोणाचाच नाही. चहा आला. पर्थच्या व्यवस्थापकांनी किटली उचलली आणि बाईंच्या पतीकडे वळून विचारले, ‘‘यांना साखर लागते का?’’

क्षणभर सारे गप्प झाले. ब्रिटनमध्ये हा प्रश्न जवळजवळ म्हणीसारखा झाला आहे. बीबीसीच्या रेडिओवर अपंगांच्या प्रश्नांना वाहिलेला याच नावाचा एक कार्यक्रम अनेक वर्षे चालला. माणूस समोर बसलेला असताना त्याच्याविषयी दुसऱ्याला विचारणे, ही या अभ्यासक्रमाने पहिल्याच सत्रात दाखवलेली चूक. (आजींच्या देखत सुनेला ‘‘आजींना काय वाढू?’’ असे विचारणारे आपणही काही वेगळे नाही.) गृहस्थांचा चेहरा लाल झाला. पती काहीच बोलले नाहीत. उत्तर बाईंनी दिले : ‘‘दोन चमचे. आणि तुमचा तो निबंधही मला पसंत नव्हता.’’

मग जो हशा पिकला, त्यात दिवसभराचा ताण ओसरला.

दुपारी ग्लासगोच्या जेम्स मकिलॉप यांचा विषय निघाला. स्वतः स्मृतिभ्रंश असलेल्या या गृहस्थांच्या पुढाकाराने २००२ मध्ये स्कॉटलंडमध्ये अशा व्यक्तींचीच एक संघटना उभी राहिली, आणि तिचे म्हणणे सरकारदरबारी ऐकले जाऊ लागले. नव्याने निदान झालेल्या प्रत्येकाला वर्षभर मदतनीस देण्याची हमी त्या देशाने २०१३ पासून दिली. हमी कागदावर भक्कम आहे, प्रत्यक्षात ती सर्वांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही, असे शेटलंडच्या परिचारिकेने स्पष्टच सांगितले. ‘‘आमच्याकडे ती बाई वेळेवर आली,’’ बाईंचे पती म्हणाले. ‘‘पण वर्ष संपले, आणि आजार संपला नाही.’’ यावर कोणापाशी उत्तर नव्हते.

बोलणे चालू असताना बाई उठल्या आणि बाहेरच्या मार्गिकेत गेल्या. त्यांच्यापाठोपाठ एकदम चार जण उठले. पतींनी हात वर करून त्यांना थांबवले. बाई मध्येच उभ्या राहिल्या, डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. मग पिवळ्या पाटीवरचे चित्र त्यांना दिसले आणि त्या सरळ त्या दाराकडे चालू लागल्या. पंधरा वर्षांपूर्वी आपल्या रुग्णालयातल्या मार्गिकांना अशा पाट्या का हव्यात यावर त्यांनीच निबंध लिहिला होता. पतींनी तो फाईलमध्ये घालून आणला होता, पण दिवसभरात तो बाहेर काढला नाही.

परतल्यावर त्यांनी शेटलंडच्या परिचारिकेला विचारले, ‘‘तुम्ही कुठून आलात?’’ तिने बेटाविषयी, रात्रभराच्या बोटीविषयी सांगितले. थोड्या वेळाने तोच प्रश्न आला, आणि नंतर तिसऱ्यांदाही. तिसऱ्या वेळी परिचारिकेने बोटीवर भेटलेल्या एका कुत्र्याची गोष्ट जोडली, ती आधीच्या दोन्ही वेळी नव्हती. बाई खळखळून हसल्या.

संध्याकाळी सारे तळ्याच्या काठाने फिरायला गेले. स्कॉटलंडमध्ये जूनचा उजेड रात्री दहापर्यंत सरत नाही. पाण्यावर पक्षी होते. बाईंनी एकेकाचे नाव सांगितले आणि एकही चुकले नाही. डब्लिनच्या समाजसेविकेला त्यांतले निम्मे ठाऊक नव्हते, ती वहीत लिहून घेऊ लागली.

निघताना गाडीच्या दारापाशी पुन्हा चिठ्ठ्यांची आठवण झाली. एकाने आपली काढायला हात लावला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, ‘‘राहू दे. अजून गाडी वळायची आहे.’’ गाडी वळून फाटकापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत सारे चिठ्ठ्या लावून तसेच उभे होते.