एक्क्याऐंशीने निःशेष

अभ्यासिकेच्या फळ्यावर १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या लिहिली, की दौलताबादच्या आमच्या शाळेतील मुले आधी हसतात आणि मग ती दोन्ही बाजूंनी वाचून पाहतात. नऊ एकांच्या १११११११११ या संख्येचा हा वर्ग. देवळालीत १९३० ते १९६२ शिक्षकी केलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांना अशा संख्यांची कल्पना डोंबिवलीच्या रेल्वे स्थानकावर सुचली, म्हणून त्यांनी त्यांना स्थानकाच्या नावावरून ‘डेमलो’ म्हटले. कापरेकरांपाशी पदव्युत्तर पदवी नव्हती. अनेक पंडितांनी त्यांचे काम पोरखेळ मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिले, तेव्हा त्यांचे नाव दूरवर पोचले.

जिच्या अंकांच्या बेरजेने तिलाच निःशेष भाग जातो, त्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहावे: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य!

येथे कोणी ‘चमत्कार’ म्हटले, की आम्ही खडू खाली ठेवतो. शुभ अंकांच्या नावाने पैसे उकळणारे आमच्या वस्त्यांतूनही फिरतात आणि ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या अक्षर नाकारले गेले, त्या घरांत अंकाचा धाक अजून आहे. कालाम सुत्तात तथागतांनी परंपरा सांगते वा गुरू सांगतो एवढ्यावर विश्वास ठेवू नका असे बजावले, ते गणिताच्या तासालाही लागू आहे. कारण साधे आहे. नऊ एकांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला नऊने भाग जातो. म्हणून तिच्या वर्गाला नऊच्या वर्गाने, म्हणजे ८१ ने.

आम्ही इतिहासाचे, राहवत नाही म्हणून सांगतो. देवळालीपासून जवळच, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत, उषवदाताच्या शिलालेखात विणकरांच्या श्रेणीकडे ठेवलेल्या २००० कार्षापणांचा हिशेब आहे. व्याज दरमहा शेकडा एक, म्हणजे वर्षाला २४०. त्यातून वर्षावासाच्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. बाकी शून्य. दगडावर कोरलेला हा भागाकार सहलीत मुले बोटांवर करून पाहतात.

परवा आठवीतील एका मुलीने विचारले, “सर, दहा एक घेतले तर?” आम्ही उत्तर दिले नाही, वही पुढे केली. आडव्या कागदावर अर्धा तास गुणाकार चालला. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या रकान्यात बेरीज दहा झाली, हातचा एक डावीकडे गेला आणि दोन्ही बाजूंनी सारखे वाचता येणारे रूप मोडले. अंकांची बेरीज ८२, सम, संख्या विषम. “म्हणजे भागायलाच नको, ही हर्षद नाही,” असे म्हणून तिने वही मिटली आणि ती जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.