पी. आर. सी. कुठलं गाव?

२०२० च्या जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या चकमकीची बातमी आली. लॉकडाऊन जरा सैल झाल्यावर मी रत्नागिरीच्या रामआळीतल्या माझ्या दुकानावर पाटी लावली, 'येथे फक्त स्वदेशी माल मिळेल.' पाटी रंगवायला ३५० रुपये मोजले. माल तपासायला एक दुपारही काढली नाही.

स्वदेशीचा तोरा आमच्या घरात जुना. रत्नागिरी टिळकांचं जन्मगाव, सावरकर इथे १९२४ ते १९३७ राहिलेले आणि आजोबांच्या ओटीवर कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला जाणकार समजत होतो. नाव देशी तर माल देशी, ही माझी कसोटी. बाटाच्या चपला घातलेल्या एका गिऱ्हाइकाला मी टोमणाही मारला. कंपनी मूळची झेक, पण १९३०च्या दशकात कोलकात्याजवळ बाटानगर वसवून तिने इथेच जोडे बनवायला घेतले, हे त्यानेच मला ऐकवलं. मी सुट्टे पैसे शोधायला लागलो.

मग एका निवृत्त गुरुजींनी बॅटरी घेतली. खोक्यावर झकास हिंदी नाव. खाली बारीक अक्षरांत 'मेड इन पी. आर. सी.' "हे कुठलं गाव?" त्यांनी विचारलं. "पंजाबकडची कंपनी आहे," मी ठोकून दिलं. दुसऱ्या दिवशी ते नातवाला घेऊन आले. नातवाने शांतपणे सांगितलं, पीपल्स रिपब्लिक ऑफ चायना. त्या रात्री मी फळीवरचं एकेक खोकं उलटं करून पाहिलं. लायटर, नेलकटर, थर्मास, चार्जर. 'आयातदार' हा शब्द इतक्या वेळा भेटला की पहाटे शिडी लावून पाटी मीच उतरवली. गुरुजींचे पैसे परत केले. ते काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पण खरी चूक त्या खोक्यांत नव्हती.

पाटी लावली त्याच आठवड्यात हातखंब्याकडून एक मावशी रोवळ्या घेऊन आल्या होत्या. बांबूच्या कामट्यांची घट्ट वीण, तांदूळ धुताना एक दाणा खाली जाणार नाही. त्यांनी २०० सांगितले. मी प्लास्टिकची चाळणी दाखवून म्हटलं, "ही ८० ला जाते." त्या काही न बोलता रोवळ्या उचलून गेल्या. डोक्यावर पाटी टांगून मी हा हिशेब केला होता. त्या रोवळीवर लेबल नव्हतं, त्यामुळे ती स्वदेशी आहे हे माझ्या लक्षातच आलं नसावं.

पुढे मुंबईच्या चाकरमान्यांच्या सुना 'बांबूची रोवळी आहे का' विचारत येऊ लागल्या. ४०० द्यायलाही तयार. मग मी पत्ता काढत मावशींच्या घरी गेलो. दर तुम्ही म्हणाल तो, असं सांगितलं. त्यांनी चहा दिला, आपली वाकडी झालेली बोटं एकदा पाहिली आणि म्हणाल्या,

"आता हात चालत नाय हो. चालत व्हता तवा तुमी ऐंशी बोललात."