आकाशांतून उतरलेली पेटी

मी दहा वर्षांचा होतों. माघांतील एके सकाळीं देगलूर तालुक्यांतील आमच्या हरभऱ्याच्या रानांत एक मोठी रंगीत हवाई छत्री पडलेली सालगड्यास दिसली; तिच्या दोऱ्यांस चंदेरी पेटी बांधलेली होती. गांव लोटला. कोणी म्हणे बाँब, कोणी म्हणे विमानाचा तुकडा. आजोबांनीं मात्र वर्तमानपत्रांतील निवेदन वाचलें होतें. हैदराबादेहून टाटा मूलभूत संशोधन संस्था मोठे फुगे सोडते, त्यांचीं यंत्रें नांदेड, लातूर, सोलापूर या बाजूस उतरूं शकतात. तीं कोणीं उघडूं नयेत, पोलिसांस कळवावें, बक्षीस मिळेल, असें त्यांत होतें.

“अहो, एवढं कापड! कडब्याच्या गंजीवर छान झालं असतं,” आजी म्हणाली.

“तें आपलं नव्हे,” एवढेंच बोलून आजोबा बांधावर खाट टाकून बसले.

दुपारीं ते जेवावयास गेले असतां मी पेटीवरील चंदेरी पापुद्र्याचा एक तुकडा ओढून काढला. सायंकाळीं हैदराबादची मंडळी आली. “कोणीं हात लावला नाहीं ना रे?” आजोबांनीं मला विचारलें. मी नाहीं म्हणालों. माझ्या शब्दावर त्यांनीं ‘पेटी जशीच्या तशी आहे’ असें लिहून खालीं सही केली. बक्षीस सालगड्यास देवविलें.

त्या पेटींत दुर्बीणच होती असें म्हणण्याचें धाडस मी करीत नाहीं. फुग्यांवर नाना प्रकारचीं यंत्रें जातात. परंतु त्या संस्थेची १०० सेंटिमीटर आरशाची अवरक्त दुर्बीणही अशीच उडत असे. आकाशांतील धुळीच्या मेघांत तारे जन्मतात. दृश्य प्रकाश त्या धुळींत अडतो, परंतु तापलेली धूळ जे अवरक्त किरण टाकते ते आपणांकडे येतात. हवेंतील पाण्याची वाफ ते गिळते, म्हणून हायड्रोजन भरलेल्या फुग्यास टांगून दुर्बीण सुमारें ३० किलोमीटर वर न्यावयाची. स्वतःच्याच उष्णतेनें संवेदक आंधळे होऊं नयेत म्हणून ते द्रवरूप हेलियमनें थंड ठेवावयाचे. १९९९ पासून तिला जपानी शास्त्रज्ञांचें वर्णपटयंत्र जोडून मेघांतील कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा मोजण्यांत आली. एका रात्रीचें काम, आणि मग सर्व कांहीं छत्रीनें खालीं, कोणाच्या तरी रानांत! तेंच पुन्हां दुरुस्त करून उडवावयाचें.

२५ डिसेंबर २०२१ रोजीं अमेरिका, युरोप व कॅनडा यांनीं सोडलेली जेम्स वेब दुर्बीणही अवरक्त किरणांचीच. आरसा ६.५ मीटर, अंतर १५ लक्ष किलोमीटर. तिला हात लावावयास तेथें कोणी पोर नाहीं. सूर्याचा ताप अडविण्यासाठीं तिच्यावर पांच पदरी चंदेरी पडदा आहे, हें पुतण्यानें गेल्या दिवाळींत वाचून दाखविलें, तेव्हां मी उठून कपाटांतील जुनी कंपासपेटी काढली.

“काका, हा परत पाठवायचा का?” त्यानें विचारलें. पत्ताही त्यानेंच शोधून दिला. आजोबांस जाऊन बरींच वर्षें झालीं. पाकिटावर पत्ता लिहून झाला आहे. आंतील चिठ्ठी चार वेळां लिहून चार वेळां फाडली.