गांवच्या यादींतलें नांव

रत्नागिरींत येऊन मला पन्नासांहून अधिक वर्षें झालीं. घर येथें झालें, मुलें येथें शिकलीं, सेवानिवृत्तीहि येथल्याच एका सरकारी कचेरींतून झाली. परंतु मतदारांच्या यादींत माझें नांव अद्याप राजापूर तालुक्यांतील आमच्या गांवींच आहे. मनुष्य जेथें राहतो तेथेंच त्याचें नांव असावयास हवें, हें कागदांत उभा जन्म घालविलेल्या मला कोणीं सांगावयास नको. तरीपण तें हलविण्याचें आजवर मनावर घेतलें नाहीं. गांवचें घर व आगर पाहणारा माझा थोरला पुतण्या अशा बाबतींत मोठा काटेकोर आहे. गेल्या गणपतींत त्यानें नांव बदलण्याचा अर्ज माझ्यापुढें ठेवला आणि म्हणाला, “काका, आतां तुम्हांला एस्. टी. चे धक्के सोसत नाहींत. एवढी सही करून टाका.” अर्ज घेऊन मी रत्नागिरीस आलों. सही कांहीं झाली नाहीं. ती कां झाली नाहीं हें स्वतःलाच नीट उमजावें, म्हणून हें लिहावयास बसलों आहें.

माझी पहिली निवडणूक १९५७ सालची. मत देणारा मी नव्हे. मी तेव्हां दहा वर्षांचा पोर. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीनें सारा मुलूख पेटला होता, आणि आमच्या ओटीवर रात्रीं कंदिलाच्या उजेडांत मोठीं माणसें तावातावानें बोलत. वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असूं, गांवच्या शाळेंत मास्तर होते. १९३० च्या मे महिन्यांत शिरोड्याच्या मिठागरावर सत्याग्रह झाला, तेव्हां वीस वर्षांचे अण्णा घरीं न सांगतां तेथें गेले व खांद्यावर लाठीचा वळ घेऊन परतले होते. त्या गोष्टीचा त्यांनीं पुढें कधीं उच्चार केला नाहीं, कीं तिचें प्रमाणपत्रहि मागितलें नाहीं. मात्र पावसाळ्यांत खांदा दुखूं लागला म्हणजे आई तेल गरम करी, व आम्हां मुलांना तो इतिहास त्या तेलाच्या वाटीवरून कळे.

त्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी निराळी असे. मतपत्रिका घेऊन आडोशाला जावयाचें आणि आपल्या माणसाचें चिन्ह ज्या पेटीवर असेल तींत ती टाकावयाची, इतकें तें सोपें होतें. आमची आजी आलवण नेसणारी, सोवळ्याओवळ्याची कडक. ती मत देण्यास येईल असें कोणालाच वाटलें नव्हतें. पण ती आली, आणि झोपडीचें चित्र असलेल्या पेटींत मत टाकून आली. अडचण पुढेंच होती. कोणा परक्या माणसानें बोटाला शाई लावलेली. दोनदां स्नान करूनहि ती जाईना. त्या हातानें देवाच्या नैवेद्याला शिवावें कीं नाहीं, हा तिला प्रश्न पडला. अण्णा म्हणाले, “आई, गंध समज.” आजी बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग उठली आणि त्याच हातानें तिनें नैवेद्याचें ताट उचललें. आमच्या घराण्यांत लोकशाही आली ती त्या दिवशीं, असें मी समजतों.

झोपडी हें प्रजासमाजवादी पक्षाचें चिन्ह, आणि उमेदवार बॅरिस्टर नाथ पै. राजापुरास झालेल्या त्यांच्या सभेस अण्णा मला हातीं धरून घेऊन गेले होते. त्यांचे शब्द मला आठवत नाहींत. काळोख पडला तरी लोक उठून जाईनात, एवढें मात्र आठवतें. नाथ पै निवडून आले, १९६२ व १९६७ सालींहि आले, आणि मधल्या काळांत, १ मे १९६० रोजीं, महाराष्ट्र राज्य झालें. लहानपणीं मागितलेलें असें मिळत गेलें म्हणजे मनुष्याला तोच नियम वाटूं लागतो. मत द्यावें, चांगला माणूस निवडून यावा आणि मागितलेलें मिळावें. राजकारण म्हणजे याहून निराळें कांहीं असेल अशी शंकाहि मला पंचविशी उलटेपर्यंत आली नाहीं.

१९७१ च्या जानेवारींत नाथ पै गेले, अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं. त्यांच्या जागीं प्रा. मधु दंडवते उभे राहिले. त्या काळीं मताचा अधिकार एकविसाव्या वर्षीं मिळत असे. मी चोवीस वर्षांचा होतों व नुकताच रत्नागिरीस कारकुनींत लागलों होतों. हातखंबा, पाली, लांजें, ओणी करीत एस्. टी. नें गांवीं गेलों, आणि बोटाला शाई लावून घेऊन दुसऱ्या दिवशीं कचेरींत मुद्दाम तें बोट दिसेल अशा रीतीनें लिहीत बसलों.

चार वर्षांनीं त्याच कचेरींत मी मान खालीं घालून बसलों होतों. जून १९७५ मध्यें आणीबाणी पुकारली गेली. दंडवते तुरुंगांत गेले. आमच्या आळींतलेहि एक गृहस्थ पहाटे उचलले गेले, आणि त्यांच्या घरावरून जातांना मी रस्त्याची दुसरी बाजू धरूं लागलों. हें मी आज प्रथमच लिहितों आहें. नोकरी होती, पदरीं तान्हें मूल होतें, हीं कारणें खरीं आहेत. तीं मी तेव्हांहि स्वतःला रोज सांगत असें. एका रविवारीं गांवीं गेलों असतां अण्णांनीं विचारलें, “तुमच्या कचेरींत काय म्हणतात?” मी म्हणालों, “गाड्या वेळेवर धांवतात, असें म्हणतात.” अण्णा सुपारी कातरीत होते. म्हणाले, “आपल्याकडे गाडी येऊं दे, मग वेळ बघूं.”

कोंकणांत रेल्वे येणार, ही गोष्ट आमच्या मुलुखांत इतक्या पिढ्या सांगितली जात होती कीं तिला दंतकथेचा मान मिळाला होता. लग्न लांबलेल्या मुलाला “तुझें म्हणजे कोंकण रेल्वेच” असें म्हणण्याचा प्रघात होता. म्हणून १९७७ च्या मार्चमध्यें जनता पक्षाला यश मिळालें आणि आमचेच दंडवते रेल्वेमंत्री झाले, तेव्हां गांवांत जो आनंद झाला तो सांगून समजावयाचा नाहीं. अण्णांनीं शाळेंतल्या सगळ्या मुलांना पेढे वांटले. मला तर असें वाटलें कीं, आणीबाणींतला माझा भित्रेपणा त्या एका मतानें धुऊन निघाला. दुसऱ्या वर्गाच्या लांकडी बाकांवर दंडवत्यांनीं गाद्या बसविल्या, आणि साऱ्या देशांतल्या गरीब प्रवाशांनीं त्यांना दुवा दिला. अण्णा हंसून म्हणत, “कोंकण्याला गादी मिळाली, गाडी तेवढी राहिली.”

आणि १९७९ च्या जुलैमध्यें तें सरकार आपसांतल्या भांडणानें पडलें. पुढें आलेले चरणसिंग तर संसदेला सामोरे न जातांच पायउतार झाले. एखाद्याला हें लहान वाटेल. मागाहून यापेक्षां किती तरी वाईट गोष्टी मीं पाहिल्या. परंतु पहिला घाव तो पहिला घाव. शत्रूनें फसविलें तर मनुष्य चिडतो; ज्यांच्यासाठीं पेढे वांटले त्यांनीं एकमेकांचे गळे धरले म्हणजे स्वतःचीच लाज वाटते. गांवीं जाऊन मी अण्णांपुढें बरेंच तोंडसुख घेतलें. त्यांनीं ऐकून घेतलें व विचारलें, “दंडवत्यांनीं काय केलें?” त्यांनीं कांहींच वावगें केलें नव्हतें. पण माझ्या मनांत तोपर्यंत सगळ्यांची एक मोट बांधून झाली होती.

अण्णांनीं शेवटचें मत दिलें १९८४ च्या डिसेंबरांत, दोघां नातवांनीं उचललेल्या खुर्चींत बसून. १९८६ सालीं ते वारले. त्याच साली मुंबईकडचा रूळ रोह्यापर्यंत आला. रोहा आमच्या गांवापासून किती दूर, हें कोंकणचा नकाशा ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावयास नको.

आतां १९९१ ची गोष्ट, जिच्यासाठीं हें सारें लिहिलें. निवडणूक जून महिन्यांत होती आणि पाऊस लागला होता. सकाळीं छत्री काढून ठेवलेली होती. हिनें डबा बांधला होता. मी झोपाळ्यावरून उठलों नाहीं. “कोणी आला तरी सारखेंच, सगळे एकाच माळेचे मणी,” असें म्हणालों. ही कांहीं बोलली नाहीं, डब्यांतली पोळी काढून माझ्या ताटांत वाढली. त्या निवडणुकींत वीस वर्षांनीं दंडवते पराभूत झाले.

माझ्या एका मतानें तें टळलें नसतें, इतकें गणित मला येतें. पण आदल्याच वर्षीं, जुलै १९९० मध्यें, कोंकण रेल्वे महामंडळ स्थापन झालें होतें. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री व दंडवते अर्थमंत्री असतांना तें घडलें, ई. श्रीधरन यांच्या हाताखालीं कामाला आरंभहि झाला होता. सात पिढ्या ज्याची थट्टा करण्यांत गेल्या तें दाराशीं येत होतें, आणि तें आणण्यासाठीं झटलेल्या माणसाला आमच्या मुलुखानें त्याच वेळीं घरीं बसविलें. भ्रमनिरास आमचाच होतो असें आम्ही धरून चालतों. त्या रात्रीं निकाल ऐकून त्यांच्या मनाला काय वाटलें असेल, हा विचार मला पुष्कळ उशिरां सुचला.

मधल्या काळांत एन्रॉनचें प्रकरण होऊन गेलें. गुहागर तालुक्यांतील त्या वीजप्रकल्पाला अरबी समुद्रांत बुडविण्याच्या घोषणेवर १९९५ सालीं राज्यांत नवें सरकार आलें, त्यानें ऑगस्टमध्यें करार रद्दहि केला, आणि दुसऱ्याच वर्षीं नवा करार करून तो पुन्हां उभा केला. १९९९ सालीं वीज सुरू झाली, २००१ सालीं बंद पडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेंतली मूळ कंपनीच दिवाळखोर झाली. खरें सांगावयाचें तर या वेळीं मला दुःख झालेंच नाहीं. “मीं म्हटलेंच होतें” असें म्हणण्यांत एक कडवट सुख असतें, आणि निवृत्तीकडे झुकलेल्या कारकुनाला तें फार मानवतें. दहा वर्षें मी त्याच सुखावर काढलीं. त्या दहा वर्षांत मत द्यावयास एकदांहि गेलों नाहीं.

२६ जानेवारी १९९८ रोजीं सबंध कोंकण रेल्वेमार्गावरून प्रवासी गाडी सुरू झाली. पुढें महिन्याभरानें मी रत्नागिरीहून राजापूर रोडचें तिकीट काढलें. पानवल नदीवरचा पूल चौसष्ट मीटर उंच आहे. गाडी त्यावर आली तेव्हां डब्यांतले लोक एकदम गप्प झाले. माझ्या शेजारीं बसलेल्या एका म्हाताऱ्या कुळवाड्यानें खिडकीबाहेर हात जोडले. निवसर, आडवली, विलवडे गेलें. मला अण्णांच्या अडकित्त्याचा आवाज सारखा ऐकूं येत होता. गाडी पाऊण तास उशिरां धांवत होती, आणि वेळ बघावयास अण्णा नव्हते.

रेल्वेनें सुबत्ता आणली कीं काय, याचें उत्तर मी देऊं शकत नाहीं. गांवांतलीं मुलें पूर्वी एस्. टी. नें मुंबईस जात, तीं आतां रेल्वेनें जाऊं लागलीं. आमच्या वाडींत कुलुपें लागलेलीं घरें वाढतच गेलीं आहेत. गणपतीस दारें उघडतात आणि विसर्जनानंतर पुन्हां मिटतात.

याच कारणावरून आमच्या घरांत फूट पडली. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ सालीं निघाली आणि २०१९ च्या मार्चमध्यें रद्द झाली. २०२३ सालीं तोच वाद बारसूच्या सड्यावर पुन्हां उठला. थोरला पुतण्या प्रकल्पाच्या विरुद्ध, कलमें आणि पाणी जाईल म्हणून. धाकटा बाजूचा, मुलगा पनवेलला भाड्याच्या खोलींत राहतो म्हणून. दोघांचेंहि खोटें नव्हतें. पक्ष मात्र असे कीं, विरोधांत असतांना एक बोलत व सत्तेंत जातांच दुसरें. दोन गणपतींत दोघे भाऊ एका पंगतीस बसले नाहींत. एन्रॉनच्या वेळेसारखें “मीं म्हटलेंच होतें” म्हणण्यास मला जागाच उरली नाहीं. मीं कांहींच म्हटलें नव्हतें. वहिनींनीं मला विचारलें, “भाऊजी, तुम्ही वडीलधारे; तुमचें मत काय?” मला उत्तर देतां आलें नाहीं. जन्मभर मीं माणसांना मत दिलें होतें. प्रश्नावर मत बनविण्याची तसदी कधीं घेतली नव्हती.

७ मे २०२४ रोजीं मी गांवीं गेलों. पुण्याची नात म्हणाली होती, “आजोबा, कोणीच नको असेल तर ‘नोटा’चें बटण दाबा, पण जा.” शाळा तीच, अण्णांची. पेटीच्या जागीं यंत्र. बटण दाबल्यावर कांचेआड कागदाची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग खालीं पडते. चष्मा सांवरेपर्यंत ती गेली. मीं कोणाला मत दिलें तें येथें सांगत नाहीं. यादींत आमच्या घरचीं चौदा नांवें होतीं. त्यांतलीं सहा माणसें मुंबई-पुण्यास, आलीं नव्हतीं.

घरीं आलों तों वहिनी माजघरांत बसलेल्या. त्यांचें वय ८५ च्या वर असल्यामुळें अधिकारी घरीं येऊन त्यांचें मत घेऊन गेले होते. त्यांनीं आपलें बोट दाखविलें, मीं माझें दाखविलें. दोघे पुतणे ताटें मांडीत होते. एकमेकांशीं बोलत नव्हते, पण पाट शेजारीं होते.

येथें एक गोष्ट सांगावयाची राहिली. २००९ पासून राजापूर हा लोकसभेचा निराळा मतदारसंघ उरलेला नाहीं. रत्नागिरी व सिंधुदुर्ग मिळून एकच झाला आहे. म्हणजे नांव गांवीं असो कीं शहरांत, खासदार तोच. पुतण्यानें हाच मुद्दा काढून परवां पुन्हां फोन केला, आणि मुद्दा बिनतोड आहे. अर्ज टेबलाच्या खणांत आहे. मीं त्याला सांगितलें, चष्म्याचा नंबर बदलला आहे, नवा चष्मा आला कीं सही करतों.